मधली गाठ

गेल्या हिवाळ्यात आमच्या कार्यालयात एक आरोग्य-शिबिर भरले होते. कोलकात्यास बदलून आल्यापासून आम्ही डॉक्टरांचे तोंड पाहिले नव्हते आणि पाहण्याची इच्छाही नव्हती. परंतु फुकटची तपासणी सोडून देणे हे केंद्र सरकारच्या कारकुनाच्या प्रकृतीस मानवत नाही. तेव्हा आम्हीही रांगेत उभे राहिलो, सदरा काढून टेबलावर आडवे झालो, आणि छातीस, मनगटांस व घोट्यांस तारा लावून घेऊन आपल्या हृदयाची नक्कल गुलाबी चौकोनांच्या एका कागदी पट्टीवर उतरवून घेतली. तरुण बंगाली डॉक्टरांनी ती पट्टी पाहिली, एका ठिकाणी बोट ठेवून बारीक चौकोन मोजले आणि सांगितले की, काळजीचे कारण नाही, पण तुमच्या हृदयात वरचा संदेश खाली पोचण्यास थोडा उशीर लागतो. पाच चौकोनांपर्यंत, म्हणजे ०.२० सेकंदापर्यंत, तो नियमात बसतो. आमचे साडेपाच भरले.

मागे उभ्या असलेल्या सहकाऱ्याने तत्काळ शेरा मारला की, फाईल अडवून ठेवण्याची सवय आता काळजापर्यंत उतरली! हशा झाला, आम्हीही हसलो. घरी आल्यावर मात्र तो अर्धा चौकोन मनातून जाईना. दिरंगाई हा आमच्या वर्गावरील फार जुना आरोप. आजवर तो टेबलापुरता होता, आता तो छातीत येऊन बसला. आम्ही विज्ञानाचे पदवीधर आहोत खरे. पण नोकरी लागली त्या दिवशीच पदवीची आणि विज्ञानाची ताटातूट झाली. म्हणून नव्याने पुस्तके मिळवून वाचली. वाचता वाचता जे हाती आले ते डॉक्टरांच्या धंद्याचे थोडे आणि आमच्या धंद्याचे पुष्कळ निघाले. एक जुना प्रश्न त्याने पुन्हा आमच्यापुढे उभा केला. जो स्वतः हुकूम काढीत नाही आणि स्वतः त्याची अंमलबजावणीही करीत नाही, केवळ वरचे खाली पोचवितो, त्याच्या माथी त्या हुकुमाचे काही पाप-पुण्य येते की नाही?

ह्या प्रश्नाकडे हृदयाच्या वाटेने जाण्याचा प्रस्तुत लेखात यत्न केला आहे.

हृदय म्हणजे साधारण मुठीएवढा एक पोकळ स्नायू. त्याचे चार कप्पे. वरचे दोन पातळ भिंतींचे, त्यांस कर्णिका म्हणतात; खालचे दोन जाड भिंतींचे, त्या जवनिका. शरीरातून आणि फुप्फुसांतून परत येणारे रक्त कर्णिकांत जमते, तेथून झडपांवाटे जवनिकांत उतरते, आणि जवनिका ते उजवीकडून फुप्फुसांत व डावीकडून सर्वांगात ढकलतात. मिनिटाला ७० ठोके धरले तर दिवसाला एक लाखाहून अधिक ठोके होतात. कर्णिका आधी आकुंचन पावल्या पाहिजेत, जवनिका नंतर. हा क्रम बिघडला तर पंप चालूनही रक्त पुढे नीट सरत नाही. आता, हा क्रम कोण राखतो?

सामान्य समजूत अशी की, शरीरात सर्व हुकूम मेंदूचे, तेव्हा हाही मेंदूचाच असणार. परंतु छातीतून काढलेले हृदय काही काळ धडधडत राहते, हे दुसऱ्या शतकातील ग्रीक वैद्य गॅलन यांसही ठाऊक होते. ही चालना मज्जातंतूंची की खुद्द स्नायूची, ह्यावर एकोणिसाव्या शतकात मोठा वाद झाला आणि अखेर स्नायूच्या बाजूने निकाल लागला. त्याचा ढळढळीत पुरावा आज आपल्यासमोर आहे. १९६८ च्या फेब्रुवारीत मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी भारतातील पहिले हृदयारोपण केले. तो रुग्ण वाचू शकला नाही. पुढे १९९४ च्या ऑगस्टमध्ये दिल्लीच्या एम्समध्ये डॉ. वेणुगोपाळ यांनी केलेले आरोपण यशस्वी झाले. एकाच्या छातीतून काढलेले हृदय दुसऱ्याच्या छातीत बसविताना रक्तवाहिन्या जोडतात, मज्जातंतू जोडीत नाहीत. तरीही ते चालते. गंमत अशी की, ते संथ न चालता जलद चालते. स्वस्थ पडलेल्या माणसातही मिनिटाला ९० ते ११० ठोके पडतात. म्हणजे आपले हृदय एरवी सत्तरच्या आसपास राहते ते मेंदूने हाकल्यामुळे राहत नाही. व्हेगस नावाचा मज्जातंतू त्याचा लगाम धरून असतो, म्हणून ते मंद चालते. वरिष्ठाचे नित्याचे काम हाकण्याचे नसून आवरण्याचे असावे, हा विचार आम्हांस मोठा मोहक वाटला. पण आमचा आजचा विषय वरिष्ठ नव्हेत.

चालना कोठून निघते? उजव्या कर्णिकेच्या माथ्याशी, जेथे वरची महाशीर येऊन मिळते तेथे, दीड-दोन सेंटिमीटर लांबीची विशेष पेशींची एक गाठ आहे. डॉक्टर तिला एसए नोड म्हणतात. आपण वरची गाठ म्हणू. ह्या पेशींना विश्रांती अशी ठाऊकच नाही. सोडिअम, पोटॅशिअम व कॅल्शिअम यांचे विद्युत्‌भारित कण त्यांच्या पातळ आवरणातून सतत आत-बाहेर जात असतात. त्यामुळे आतला दाब हळूहळू चढत जातो आणि एका मर्यादेस पोचताच ठिणगी पडावी तशी विजेची एक लहर सुटते. ती लहर दोन्ही कर्णिकांवर पसरते व त्या आकुंचन पावतात. पण कर्णिका आणि जवनिका यांच्यामध्ये तंतुमय पडदा आहे व त्यातून वीज जात नाही. खाली उतरण्यास निरोगी हृदयात एकच दार असते. त्या दाराच्या तोंडाशी, उजव्या कर्णिकेच्या तळाला, दुसरी गाठ बसली आहे. ती एव्ही नोड. आपण तिला मधली गाठ म्हणू. तिच्यापासून एक तंतूंची जुडी पडद्यातून खाली उतरते, तिला डावी व उजवी अशा शाखा फुटतात, आणि त्या शाखांचे बारीक तंतू जवनिकांच्या आतल्या अंगावर जाळ्यासारखे पसरतात. ह्या तंतूंतून लहर सेकंदाला दोन ते चार मीटर वेगाने धावते. मधल्या गाठीत मात्र तिचा वेग सेकंदाला सुमारे पाच सेंटिमीटरवर येतो. खाली घोडदौड, आणि मध्येच गोगलगाय! ह्या गाठीपाशी लहरीचा सुमारे एकदशांश सेकंद मोडतो. आमच्या पट्टीवर जो अर्धा चौकोन अधिक निघाला तो बहुधा येथलाच.

ही वाट ज्यांनी शोधली त्यांच्याविषयी दोन शब्द लिहिल्यावाचून राहवत नाही; कारण त्यांतील कित्येक जण आपल्यासारखेच परमुलुखात बसलेले होते. जवनिकांतील त्या जाळ्याचे तंतू १८३९ मध्ये प्रथम वर्णिले ते यान पुर्किंजे यांनी. ते चेक, पण नोकरीस ब्रेस्लाउच्या जर्मन विद्यापीठात होते. मेंढीच्या हृदयात त्यांस हे तंतू दिसले. त्यांचे काम काय, हे मात्र उमगले नाही. मधल्या जुडीचे वर्णन १८९३ मध्ये विल्हेल्म हिस यांनी केले; ते जन्माने स्वित्झर्लंडमधील बाझलचे, काम करीत लाइपझिगला. आणि मधली गाठ शोधून, ती जुडी व ते पुर्किंजे यांचे तंतू हा सर्व एकच अखंड मार्ग आहे हे दाखविणारे सुनाओ तावारा हे जपानी होते. १९०३ मध्ये ते जर्मनीतील मारबुर्गला लुडविग आशॉफ यांच्या प्रयोगशाळेत आले, आणि परक्या भाषेत, परक्या थंडीत तीन वर्षे हृदयांचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली एकामागून एक पाहत बसले. १९०६ मध्ये त्यांचा ग्रंथ निघाला. पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये आर्थर कीथ व त्यांचा विद्यार्थी मार्टिन फ्लॅक यांनी वरची गाठ जाहीर केली. म्हणजे ज्या क्रमाने लहर चालते त्याच्या उलट क्रमाने ती सापडली: आधी तळचे तंतू, मग जुडी, मग मधली गाठ आणि सर्वांत शेवटी हुकमाचे उगमस्थान. कार्यालयातही कागदाचा माग काढणाऱ्याचा अनुभव असाच असतो. ज्या यंत्राने आमच्या छातीची नक्कल उतरविली त्याचे जनक विलेम आइन्थोवेन यांचा जन्मही परमुलुखातलाच, जावा बेटावरील सेमारंगचा; वडील तेथे लष्करी डॉक्टर होते. त्यांस १९२४ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

असो. आता मूळ प्रश्नाकडे वळू. आणि त्यासाठी आम्हांस आमची एक लाजिरवाणी गोष्ट सांगितली पाहिजे.

पूर्वीच्या एका मुक्कामी आमच्याकडे निवृत्तिवेतनाचे काम होते. एका दिवंगत कर्मचाऱ्याच्या विधवेस मिळणाऱ्या कुटुंब-निवृत्तिवेतनासंबंधी वरून आदेश आला. वाढीव दराने तिला ठरलेल्या मुदतीपेक्षा अधिक काळ रक्कम दिली गेली, सबब जादा रक्कम दरमहा कापून वसूल करावी. वाढीव दराची मुदत मृताच्या वयावर अवलंबून असते, हे वाचकांपैकी अनेकांस ठाऊक असेलच. आदेशात जे जन्मवर्ष धरले होते ते आणि आमच्या समोरच्या सेवापुस्तकातील जन्मवर्ष यांत पाच वर्षांचा फरक होता. तो फरक आम्हांस दिसला. तो दिसलाच नाही असे म्हणण्याची सोय आम्ही स्वतःस ठेवलेली नाही. पण तो दिसताच मनाने असा हिशेब केला की, मंजुरी वरची आहे, सही साहेबांची आहे, वसुली बँक करणार आहे. ह्यात आम्ही कोण? आलेले पुढे धाडणे एवढेच आमचे काम. सायंकाळचे साडेपाच वाजत आले होते. आम्ही आद्याक्षरे केली आणि कागद पुढे गेला.

नऊ महिने त्या बाईच्या पैशांतून कपात होत राहिली. नंतर कोणीतरी अर्ज लिहून दिला, चौकशी झाली, चूक उघडकीस आली आणि रक्कम परतही मिळाली. ठपका कोणावरच आला नाही. कारण प्रत्येकाने आपापल्यापुरते नियमास धरूनच केले होते. परंतु मध्यंतरी एकदा ती बाई जावयासोबत कार्यालयात आली होती. हातात कापडी पिशवी, तिच्यात कागद. ती रागावली नाही की रडली नाही. तिने तिच्या बोलीत एवढेच विचारले की, हा कागद पुढे पाठविण्यापूर्वी तुम्ही वाचला होता का? आम्ही गप्प राहिलो. नाही म्हणावे तर निष्काळजीपणा पदरात येतो. हो म्हणावे तर त्याहून वाईट असे काहीतरी येते. त्या प्रश्नाचे उत्तर आम्ही आजतागायत दिलेले नाही.

आम्ही केवळ वाहक आहोत, ही मधल्या माणसाची सबब जगाइतकी जुनी आहे. नारायणराव पेशव्यांच्या वधाची आख्यायिका मराठी मुलास शाळेतच कळते. ३० ऑगस्ट १७७३ रोजी शनिवारवाड्यात गारद्यांनी त्यांस मारले, आणि त्यापूर्वी 'धरावे' ह्या शब्दातील 'ध' चा 'मा' करण्यात आला असे लोक सांगत आले. इतिहासात ती गोष्ट कितपत टिकेल हा प्रश्न अलाहिदा; आमचे लक्ष तीत जे सांगितलेले नाही तिकडे जाते. अक्षर कोणी बदलले ह्याची चर्चा अडीचशे वर्षे चालली आहे. पण ती चिठ्ठी जर खरोखरच एका हातातून दुसऱ्या हातात गेली असेल, तर मधल्या हातांचे काय? स्वतःच्या धन्याला मारावे असे लिहिलेला कागद हाती पडला असता, क्षणभर थांबून 'हे असेच लिहिले आहे काय' एवढे विचारणारा एकही जण आख्यायिकेनेसुद्धा निर्माण केला नाही! थांबलेला माणूस नंतर आला. रामशास्त्री प्रभुणे यांनी ह्या खुनाचा दोष राघोबादादांच्या पदरी घातला आणि पद सोडले. त्या थांबण्याची थोरवी आपण गातो ती योग्यच आहे. पण तोवर नारायणराव गेले होते. न्यायाधीशाचे थांबणे घटनेनंतरचे असते, घटनेच्या आधी थांबण्याची संधी मधल्या माणसालाच मिळते.

म्हणूनच मधल्या गाठीचे वर्तन आम्ही बारकाईने वाचले. शरीरात जर कोणास 'केवळ वाहक' म्हणावयाचे तर तिलाच म्हणावे लागेल. वरून आलेला संदेश खाली देणे ह्यापलीकडे तिला दुसरे नित्यकर्म नाही. आणि तरीही ती तीन गोष्टी अशा करते की, ज्या निव्वळ तारेला करता येत नाहीत.

पहिली गोष्ट, ती थांबते. का थांबते? कर्णिका आकुंचन पावून आपले उरलेले रक्त खाली ओततात त्यास थोडा अवधी लागतो. जवनिकांच्या भरण्यापैकी साधारण विसापासून तीस टक्के भाग ह्या शेवटच्या ओतण्याने पुरा होतो. संदेश तत्क्षणी खाली पोचला असता तर जवनिका अर्धवट भरलेल्या असतानाच आवळल्या गेल्या असत्या. दुसरी गोष्ट, ती नाकारते. कधी कधी कर्णिकांत बेबंदशाही माजते, मिनिटाला साडेतीनशेपासून सहाशेपर्यंत विस्कळीत लहरी उठतात. त्या साऱ्या खाली गेल्या तर जवनिका फडफडू लागतील आणि मनुष्य काही क्षणांत मरेल. मधली गाठ त्यांतील बहुसंख्य लहरी दारातच अडविते. खाली शंभर-दीडशेच्या घरात पोचतात. छाती धडधडते, दम लागतो, पण मनुष्य दवाखाना गाठण्यापुरता जगतो. तिसरी गोष्ट, वरून काहीच आले नाही तर ती, किंवा तिच्या लगतची जुडी, स्वतः आरंभ करते. मिनिटाला चाळीस ते साठ ठोके. तीही गप्प झाली तर जवनिकांतील तंतू वीस ते चाळीसच्या गतीने काम धकवितात. चालना देण्याचे सामर्थ्य ह्या सर्वांत जन्मभर असते. वरची गाठ जलद आहे तोवर तिच्या लहरी ह्यांची वेळ येण्यापूर्वीच पोचतात, म्हणून ती झाकलेली राहते एवढेच.

काही माणसांत जन्मतःच त्या तंतुमय पडद्यातून स्नायूची एक आडवाट खाली उतरलेली असते. १९३० मध्ये वुल्फ, पार्किन्सन आणि व्हाइट ह्या तिघांनी अशा रुग्णांचे वर्णन केले. ही वाट मधल्या गाठीला बगल देते. तिच्यावर थांबा नाही, चौकशी नाही. एरवी अशा माणसाची पट्टी फार तत्पर दिसते. वरून निघालेला संदेश खाली लवकर पोचतो. पण वर बेबंदशाही माजली की हीच तत्परता जिवावर बेतते, कारण नाकारणारे कोणी वाटेत नसते. वशिल्याच्या वाटेने झटपट उरकणाऱ्या कामांची ज्यांस माहिती आहे त्यांस अधिक सांगणे नको. आता डॉक्टर रक्तवाहिनीवाटे बारीक नळी आत नेऊन ती वाट जाळून टाकतात. कार्यालयांसाठी अशी नळी निघावयाची आहे.

येथे विचारी वाचक आम्हांस अडवील, आणि त्याने अडवावेच. गाठ म्हणजे काही पेशींचा पुंजका. ती विवेकाने थांबत नाही; तिचे तंतू बारीक आणि पेशींमधले दुवे विरळ, म्हणून लहर तेथे रेंगाळते. ती न्यायबुद्धीने नाकारीत नाही. एक लहर गेल्यावर तिला सावरण्यास वेळ लागतो, तेवढ्यात येणारी प्रत्येक लहर, बरी असो वा वाईट, परत फिरते. ह्यात पुण्य कसले? शिवाय निसर्गाकडून नीती उसनी घेऊ लागलो तर मोठे मासे लहान माशांना खातात हाही धडा घ्यावा लागेल. हा आक्षेप आम्हांस पूर्णपणे मान्य आहे. गाठीपासून आम्ही नीती शिकत नाही. तिने आमची एक सबब तेवढी हिरावून घेतली. वाहक म्हणजे ज्यातून सर्व काही जसेच्या तसे, त्याच क्षणी पार होते असा पदार्थ, अशी आमची कल्पना होती, आणि त्या कल्पनेच्या आड आम्ही सुखाने बसलो होतो. परंतु ज्यास मन नाही, डोळे नाहीत, सेवापुस्तक नाही, असा मांसाचा गोळासुद्धा जर नुसती तार नसेल, तर ज्यास हे सर्व आहे त्याने 'मी तार आहे' असे कोणत्या तोंडाने म्हणावे? पुढे धाडणे ही एक कृती आहे. गाठीच्या बाबतीत ती कोणाची कृती नसते. आमच्या बाबतीत ती आमची असते. तिला आंधळेपणाची सूट आहे, आम्हांस नाही.

पण ह्यावरून थांबणे नेहमीच भले असा निष्कर्ष कोणी काढील तर तोही फसेल. मधली गाठ किंवा तिच्या खालची जुडी पुरती निकामी झाली की वरचा एकही संदेश खाली उतरत नाही. नाडी तिशी-चाळिशीवर येते आणि माणूस चालता चालता घेरी येऊन कोसळतो. डब्लिनच्या रॉबर्ट ॲडम्स आणि विल्यम स्टोक्स ह्या डॉक्टरांनी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात हे झटके नोंदविले; आणि त्यांवर उतारा म्हणून ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्वीडनमध्ये पहिला पेसमेकर माणसाच्या शरीरात बसविला गेला. अडवून धरलेल्या फाईलीमागेही कोणीतरी कोठेतरी असाच घेरी येऊन पडत असतो. 'पुढील आदेशापर्यंत प्रलंबित' असा शेरा लिहून आपण जेव्हा हात झटकतो तेव्हा तेही एक पुढे धाडणेच असते. आपली भीती आपण खाली धाडलेली असते.

तेव्हा मग माप कोणते? कोणता विलंब विवेकाचा आणि कोणता चुकारपणाचा, हे कसे ओळखावे? ह्या ठिकाणी आम्हांस त्या एकदशांश सेकंदाचा आधार वाटतो. गाठीपाशी मोडणारा वेळ गाठीच्या उपयोगी पडत नाही; तो खालच्या कप्प्याच्या भरण्याच्या कामी येतो. त्याचे मोजमाप खालच्या गरजेवरून होते. थांबण्याचा हाच एक निकष आम्हांस टिकाऊ दिसतो. आमच्या थांबण्याने खाली कोणाचे तरी काही भरत आहे काय? पाच वर्षांची चूक पडताळण्यासाठी लागणारा अर्धा दिवस त्या बाईसाठी भरला असता. उलट, साहेब रजेवर जाईपर्यंत, हिशेबतपासणी उरकेपर्यंत, आपले नाव ह्यात न येवो म्हणून आम्ही जे थांबतो त्याने कोणाचेच काही भरत नाही. आमची कातडी तेवढी वाचते. बाहेरून पाहणाऱ्यास दोन्ही विलंब सारखेच दिसतात. पट्टीवर साडेपाच चौकोनच येतात. आत काय चालले होते हे थांबणाऱ्यासच ठाऊक असते, आणि म्हणूनच हा प्रश्न नियमांच्या पुस्तकातून सुटत नाही.

परमुलुखात राहणाऱ्यास हे अधिकच जपावे लागते. येथील माणसे आमची नात्यागोत्याची नाहीत, त्यांची भाषा आम्हांस अर्धीमुर्धी कळते, आणि दोन-तीन वर्षांनी बदली होऊन आम्ही निघून जाणार आहोत. ज्याच्या कागदावर आपण आद्याक्षरे करतो तो उद्या बाजारात भेटून जाब विचारील ही गावाकडची भीती येथे नाही. त्यात भर म्हणून कागदही गेला. पूर्वी शिपाई येऊन फाईल उचलून नेईपर्यंत ती आपल्या टेबलावर असे, आणि तेवढ्यात एखादे वेळी हात पुढे करून परत घेता येई. आता पडद्यावर बोट दाबले की ती गेली. वाट वेगवान झाली ही चांगलीच गोष्ट आहे. पुर्किंजे यांचे तंतूही वेगवानच आहेत. परंतु जेथे थांबावयाचे ती जागा यंत्रात राहिलेली नाही, ती आता माणसालाच स्वतःमध्ये ठेवावी लागणार.

एक शेवटची हकीगत सांगून लेख संपवितो. शिबिरानंतर दोन महिन्यांनी एका निवृत्त शिपायाचे प्रकरण आमच्याकडे आले. एक तारीख आम्हांस खटकली. जुने सेवापुस्तक दुसऱ्या इमारतीत होते. ते मागवून पाहण्यात दोन दिवस गेले. तारीख बरोबर होती. आमची शंका निष्कारण ठरली, आणि त्या म्हाताऱ्याचे पैसे दोन दिवस उशिरा निघाले. विलंबाचे कारण लेखी द्यावे असे वरून आले. आम्ही लिहिले की, जन्मतारीख सेवापुस्तकाशी ताडून पाहिली. ती बरोबर आढळली. त्यावर यापुढे असा विलंब होऊ नये अशी समज मिळाली. समज वाजवी होती. दोन दिवस गेले ते त्या म्हाताऱ्याचे गेले, आणि त्याच्यासाठी त्यांत काहीच भरले नाही. हा हिशेब आमच्या नावावर राहील.

मात्र तो म्हातारा कापडी पिशवी घेऊन आमच्या टेबलाशी आला असता आणि त्याने तोच प्रश्न विचारला असता, तर ह्या खेपेस आम्हांस सांगता आले असते की, होय बाबा, वाचला होता.